दोन स्वेटरांचे माप

"सैल शिवा, वहिनी. आत दोन स्वेटर बसले पाहिजेत," असे म्हणून पद्माकरभाऊजींनी दोन्ही हात आडवे पसरले आणि ते माझ्या शिवणाच्या खोलीत मधोमध उभे राहिले.

मी छातीभोवती टेप फिरवली. चव्वेचाळीस इंच.

"भाऊजी, केतकीचा पाण्यात घालायचा रबरी सूट मी अंगासरशी शिवला होता. कातडीसारखा."

"ती पोरगी म्हणजे चवळीची शेंग. तिला काहीही घट्ट चालते. मला त्यात श्वास घ्यायला नको? आणि एक सांगा, तुम्ही रजईत कापूस भरता तो ठेचून भरता की पिंजून?"

"पिंजून."

"का?"

"आत हवा राहावी म्हणून."

"मग! ऊब हवेत असते, वहिनी. पंचवीस वर्षे जहाजावर काढली आहेत मी. थंडी मला शिकवू नका."

त्या पंचवीस वर्षांतली वीस वर्षे त्यांनी आखातातल्या आणि कोलंबोच्या बंदरांत काढली होती, हे मला ठाऊक होते. मी वहीत सत्तेचाळीस लिहिले.

"मनगटाला आणि घोट्याला मात्र घट्ट इलॅस्टिक घाला. पाणी आत येता कामा नये."

"आणि मानेला?"

"मानेला सैल. गळफास नको मला."

शेजारच्या खोलीतून माझी मुलगी केतकी दारात आली. "काका, पण पाणी तर मानेतूनच..." एवढे ती बोलली आणि तिने माझ्याकडे पाहिले. आमच्या घरात माझी नजर पुरत असे. ती परत शेजारच्या खोलीत गेली.

"तुम्ही म्हणता तसेच शिवते," मी म्हणाले.

मी एकदा विचारले होते. दुसऱ्यांदा विचारायचे नाही, हे मी आधीच ठरवून ठेवले होते.

या गोष्टीला आता सदतीस वर्षे झाली. आमचे आंबेघोळ घाटमाथ्यावर आहे. पौषात पहाटे तिथल्या गवतावरचे दव पांढरे होऊन गोठते. माझ्या सासऱ्यांनी तिथल्या जलाशयावर नौकानयन मंडळ काढले. माझे यजमान नोकरीनिमित्त दिल्लीला असत, तेव्हा घर मी पाहत होते आणि मंडळ धाकटे दीर पद्माकरभाऊजी. विंडसर्फिंग आमच्याकडे त्यांनीच आणले. एका फळीवर उभे राहायचे, फळीला जोडलेले शीड दोन्ही हातांनी पेलायचे आणि वाऱ्यावर स्वार व्हायचे. गावकरी त्याला शिडाची फळी म्हणत. केतकी त्या फळीवर दहाव्या वर्षी उभी राहिली. पंधराव्या वर्षी तिने आपल्या काकाला मागे टाकले. भाऊजींनी त्या दिवशी तिची पाठ थोपटली. थोडी जोरातच थोपटली.

मंडळाची मोठी शर्यत संक्रांतीला असे. ती संपली की भाऊजी अखिल भारतीय निवड शिबिराची यादी जाहीर करीत. आदल्या वर्षी त्यांनी जहाजावरच्या जुन्या सोबत्याकडून रबरी कापडाची एक गुंडाळी आणवली होती. त्यातून एकच सूट निघत होता. मी तो केतकीच्या मापाने शिवला. वाकड्या सुईने, शिवणीवर आतून डिंक लावून. पंधरा दिवस माझी बोटे सोललेली होती. शर्यतीच्या सकाळी भाऊजी आले आणि खुंटीवरचा सूट काढून घेऊन गेले. त्यांच्या मुलाची, मिहीरची, अंगकाठी केतकीएवढीच होती.

"रबर माझे आहे, वहिनी," ते जाता जाता म्हणाले, "आणि केतकीला काय, पोरगी काटक आहे."

केतकी लोकरी स्वेटर घालून पाण्यात उतरली. भर तळ्यात ती पडली, पुन्हा पडली, आणि चाळीस मिनिटे पाण्यात राहिली. मंडळाची मदतीची बोट तिच्यापर्यंत पोहोचली तेव्हा तिचे ओठ जांभळ्या शाईसारखे झाले होते. पुढे न्यूमोनियाने तीन आठवडे तिने इस्पितळात काढले. मिहीरची निवड झाली.

बोट उशिरा का निघाली? मंडळाचा नियम होता: मदत हवी असेल त्याने उजवा हात डोक्यावर उभा धरायचा. हात वर झाल्याशिवाय बोट सुटणार नाही, कारण बोट सुटली की त्याची शर्यत संपली. भाऊजींनी मंडळाच्या नोंदवहीत आपल्या वळणदार अक्षरात लिहिले: 'स्पर्धक भेदरली. तिने शेवटपर्यंत हात वर केला नाही.'

केतकीला दुसऱ्यांदा पडल्यानंतरचे काहीच आठवत नव्हते. इस्पितळातून घरी आल्यावर तिने मला एकच गोष्ट विचारली.

"आई, मी खरंच हात वर केला नव्हता का?"

"काकांनी लिहिले आहे."

"तू काठावर होतीस ना? तू नाही पाहिलंस?"

"माझे लक्ष तिळगुळाच्या ताटांकडे होते."

त्यानंतर ती फळीवर गेली नाही. काठावर जाऊन बसायची आणि कोणी बोलावले तर म्हणायची, "मला स्वतःचा भरवसा नाही. मदत मागायची वेळ आली आणि मी मागितलीच नाही, तर पुन्हाही तसंच होईल." वयाच्या नियमाने तिला निवडीची एकच संधी उरली होती, ती येत्या संक्रांतीची. मला यादीत तिचे नाव हवे होते. त्याहून अधिक मला भाऊजींच्या तोंडून एक वाक्य हवे होते, आणि तेही केतकीच्या देखत. यावर्षी त्यांनी रबराची दुसरी गुंडाळी आणली आणि माझ्यासमोर हात पसरून उभे राहिले, तेव्हा ते वाक्य कोठून काढायचे हे मला कळले.

भाऊजी गेल्यावर केतकी आत आली.

"आई, रबरी सूटमध्ये थोडंसं पाणी शिरतंच. सूट घट्ट असला तर ते अंगाशी अडकून राहतं, अंगाच्या उबेनं कोमट होतं आणि मग तेच थंडी अडवतं. सैल असला तर दर वेळी पडलं की नवं गार पाणी. आणि आत लोकर! काका गारठून जाईल."

"त्यांनी तसेच सांगितले आहे."

"मग तू त्याला समजाव ना."

"मी विचारले. तू ऐकलेस."

"एकदाच विचारलंस."

"शहाण्या माणसाला एकदा पुरते."

केतकीने माझ्याकडे असे पाहिले, की मी सुईत दोरा ओवायला खाली मान घातली. ती गुपचूप जाऊन काकाला सांगून आली असावी. पंधरा दिवसांनी अर्धवट शिवलेला सूट अंगावर घालून पाहताना भाऊजी पोट धरून हसत होते.

"वहिनी, तुमची लेक मला थंडी शिकवायला आली होती! जी स्वतः गारठली, ती!"

"लहान आहे अजून," मी म्हणाले आणि काखेत आणखी अर्धा इंच सैल सोडला.

संक्रांतीच्या सकाळी जलाशयावर वाफा तरंगत होत्या. काठावर पाहुण्यांसाठी सतरंज्या घातल्या होत्या. शर्यतीआधी भाऊजींनी एकट्याने पलीकडच्या भैरोबाच्या देवळापर्यंत जाऊन परत यायचे, अशी त्यांनीच पाडलेली रीत होती. पंचवीस वर्षांच्या तरुणासारखे ते त्या दिवशी चालत. आत दोन स्वेटर, वर माझा सूट.

"सायेब, गाठोडं दिसताय," बोट चालवणारे ढेबे म्हणाले. भाऊजींना त्यांचे हे बोलणे चालत असे.

"गाठोड्यात सोने असते, ढेबे."

"असतंय. पर बुडतंय बी लगी."

सगळे हसले. भाऊजींनी ब्रँडीचे दोन घोट घेतले, हात चोळले आणि शीड उचलले. जाताना वारा पाठीशी होता. ते सरळ रेषेत, पाठ ताठ ठेवून गेले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

परतीला वारा फिरला. डोंगरउतारावरून तो झोतांनी खाली येऊ लागला. तळ्याच्या मध्यावर शीड आडवे झाले आणि भाऊजी पडले. चढले. शीड उचलायची दोरी ओढताना दिसले, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा पडल्यावर ते फळीवर फक्त छातीपर्यंत आले. पायांतले पाणी घट्ट इलॅस्टिकमुळे बाहेर जात नव्हते. सूटचे पाय पखालीसारखे फुगले असणार.

"बाईसाहेब, बोट काढू का?" ढेब्यांनी विचारले.

"हात वर झाला?"

"न्हाई जी."

"मग नियम काय आहे?"

ढेब्यांनी इंजिनाच्या दोरीवरचा हात काढून घेतला. अध्यक्ष पाहुण्यांना देवळाची माहिती देत होते. काय चालले आहे ते त्यांच्या लक्षात आले नव्हते. केतकी दुर्बीण घेऊन उभी होती.

"आई, तो हात उचलू शकत नाहीये. बोटं दोरीवरच वळलीत त्याची. बोट सोड."

"तुझ्या वेळी त्यांनी सोडली होती का?"

"माझ्या वेळचं माझ्यापाशी. तू आत्ता बोट सोड!"

मी मनगटावरचे घड्याळ पाहत होते. केतकीची चाळीस मिनिटे झाली होती. भाऊजींना मी अठरा दिली. मग पदर खोचला आणि म्हणाले, "चला, ढेबे."

बोटीत आम्ही तिघेच होतो. ढेबे, केतकी आणि मी. भाऊजींपासून दहा-बारा हातांवर आल्यावर मी म्हणाले, "इंजिन बंद."

बोट तिथेच डुलू लागली. भाऊजी फळीला कवटाळून होते. त्यांच्या मिशांवरून पाणी ठिबकत होते आणि चेहऱ्याचा रंग ओल्या राखेसारखा झाला होता.

"व... वहिनी. हा... हात द्या."

"आधी तुम्ही हात वर करा, भाऊजी. नियम तुमचाच आहे."

त्यांनी प्रयत्न केला. खांदा हलला, हात हलला नाही.

"जमत नाही? बरे. मग एका प्रश्नाचे उत्तर द्या. गेल्या संक्रांतीला केतकीने हात वर केला होता की नव्हता?"

"बाईसाहेब," ढेबे हळूच म्हणाले, "मानूस जाईल."

"ढेबे, तुमचे काम बोट चालवण्याचे."

"आई, पुरे!" केतकीने वल्हे उचलले. मी ते वरच्यावर धरले. माझ्या हातात तेव्हा ताकद होती.

"हे तुझ्यासाठी चालले आहे. ऐक. भाऊजी, केला होता की नव्हता?"

त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते. तो आवाज मला बोटीत ऐकू येत होता. खोटे सांगणार नाही, मला तो गोड वाटला. वर्षभर माझ्या मुलीने खाली मान घालून जे सोसले, त्याची मी दातादाताने वसुली करत होते.

"के... केला."

"किती वेळा?"

"ती... तीनदा."

केतकीच्या हातातले वल्हे सैल पडले. ती फळकुटावर बसली. "मी केला होता," ती म्हणाली. कोणालाच उद्देशून नव्हे. "मी केला होता. तीनदा."

मला हवे होते ते वाक्य मिळाले होते. मी ढेब्यांना म्हणाले, "घ्या यांना वर."

बोट फळीला लागली. मी हात पुढे केला. भाऊजींनी तो घेतला नाही. त्यांची मान थरथरत होती, पण डोळे माझ्यावर स्थिर होते.

"आणि... तु... तुम्ही," ते म्हणाले, "ढेब्याला... थांब... म्हणालात."

वारा होता, पण ते शब्द वाऱ्याने नेले नाहीत.

केतकीने माझ्याकडे पाहिले नाही. ती वळली ती ढेब्यांकडे. "ढेबेकाका?"

ढेबे इंजिनाच्या दोरीची गाठ सोडत होते आणि बांधत होते.

"ढेबेकाका, मी विचारतेय."

"दोघांनीबी म्हनलं, ताई," ते शेवटी म्हणाले. "सायेब म्हनलं, नाटक करतीय. पर आधी बाईसाहेबच म्हनल्या. तुमचा हात पयल्यांदा वर आला न् मी दोरीला हात घातला, तवा."

ते खरे होते. ताटे माझ्या समोर होती, पण माझे लक्ष ताटांकडे नव्हते. पाहुण्यांच्या सतरंजीवरून सगळे तळे दिसत होते. आमच्या रणदिवे घराण्याच्या मुलीने साऱ्या लोकांसमोर हात वर करून मदत मागावी, हे मला पाहवले नाही. ती स्वतःच उठेल, असे मला वाटले. "थांबा, ढेबे," मी म्हणाले होते, "उठेल ती." भाऊजींनी माझ्याकडे पाहिले होते आणि मग ते नाटकाचे वाक्य बोलले होते. दुसऱ्यांदा हात वर आला. तिसऱ्यांदा आला. त्यानंतर आला नाही.

संध्याकाळी नोंदवहीत तो खोटा मजकूर लिहिताना त्यांनी मला बोलावून विचारले होते, "असेच लिहू ना, वहिनी?" मी मान हलवली होती. सूट नेल्याची लाज त्यांना होती, म्हणून त्यांना तो खोटेपणा हवा होता. आणि मलाही हवा होता. वर्षभर त्यांनी माझे नाव काढले नव्हते. मोठ्या भावजयीचे नाव ते मरतानासुद्धा काढणार नाहीत, अशी माझी खात्री होती. त्या खात्रीवरच मी तो सूट शिवला होता.

"माझ्याकडे द्या," केतकी म्हणाली.

तिने आणि ढेब्यांनी मिळून भाऊजींना काखेत धरून बोटीत ओढले. मी सरसावले तर ती म्हणाली, "तू नको." तिने ढेब्यांच्या कमरेचा कोयता मागितला आणि सूट गळ्यापासून खालपर्यंत फाडला. घागर उलटावी तसे पाणी बोटीत पसरले. मी महिनाभर घातलेली शिवण एका ओढीत उकलली. दोन्ही स्वेटर तिने कापून काढले, ढेब्यांची घोंगडी त्यांच्या उघड्या अंगाभोवती गुंडाळली आणि स्वतःचा कोरडा अंगरखा त्यांच्या छातीवर घालून ती त्यांना पाठीमागून बिलगून बसली.

"हातपाय चोळू का?" मी विचारले.

"नाही. आधी छाती, मान. हातपाय चोळले की गार रक्त आत जातं. ढेबेकाका, काठावर कोणी ब्रँडी दिली तर घेऊ नका. गुळाचं गरम पाणी सांगा. आणि हळू चालवा, पाणी उडू देऊ नका."

"जी, ताई."

"काका, माझ्याशी बोलत राहा. झोपायचं नाही. काहीही बोल."

"या... यादी," भाऊजी म्हणाले.

"यादीचं मरू दे."

"ना... नाव... घालतो."

"घाल. पण त्यासाठी नव्हे. मी सगळ्यांत चांगली आहे म्हणून घाल."

त्यांच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. मी तो ऐकला. त्या दोघांत माझ्यावाचून काहीतरी जुळले होते.

भाऊजी वाचले. आठ दिवसांनी त्यांनी नोंदवहीतला जुना मजकूर आडव्या रेघेने खोडला आणि खाली लिहिले: 'स्पर्धकाने तीन वेळा हात वर केला. बोट माझ्या चुकीने थांबली.' फक्त 'माझ्या'. तेवढ्यावरच त्यांनी सही केली. पुढे बावीस वर्षे ते जगले, दर दिवाळीला माझ्या पाया पडले आणि त्या सकाळविषयी एक अक्षर बोलले नाहीत. माझ्यावर त्याहून मोठा सूड कोणी घेतला नसता. केतकी शिबिराला गेली आणि निवडून आली. हल्ली ती परदेशात, जिथे समुद्राकाठी बर्फ साचते अशा गावी, मुलामुलींना हिवाळ्यातले विंडसर्फिंग शिकवते. तिचे फोन येतात. प्रकृती विचारते, औषधे विचारते. ती सकाळ सोडून सगळे विचारते.

पण त्या दिवशी बोटीत आम्ही अजून तळ्याच्या मध्यावरच होतो. समोरून वाऱ्याचा एक झोत आला आणि भाऊजींचे अंग घोंगडीखाली आचके देऊ लागले. केतकीने मान वर केली. माझ्या जन्मात मला कोणी आज्ञा दिली नव्हती, सासऱ्यांनीसुद्धा "सूनबाई, जमेल का?" असे विचारलेले मला आठवते.

"आई," ती म्हणाली, "तू पुढे जाऊन बस. नाकाडावर. तुझ्या पाठीनं वारा अडेल."

मी उठले आणि बोटीच्या टोकाला जाऊन बसले, त्यांच्याकडे पाठ करून. उडालेल्या पाण्याने माझे नऊवारी लुगडे पोटऱ्यांपर्यंत भिजले होते. वारा पदरातून, चोळीतून, बरगड्यांमधून आरपार जात होता. काठावरची माणसे उभी राहिलेली दिसत होती. कोणी हात हलवत होते, कोणी आमच्या नावाने हाका मारत होते. माझा जबडा थडथडू लागला. मी दात घट्ट आवळले, खांदे रुंद केले आणि काठ येईपर्यंत तशीच ताठ बसून राहिले.